घरी जुळवलेले ड्रेस घड्याळ : मशीन, काटे आणि कोकणची हवा

पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीच्या ‘कालात्राव्हा’ मालिकेवरून प्रेरणा घेऊन, बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून एक साधे, सडपातळ ड्रेस घड्याळ मी रत्नागिरीत घरी जुळवले. गेल्या हिवाळ्यात ते पूर्ण झाले, त्यानंतरचा उन्हाळा आणि सबंध पावसाळा ते मनगटावर राहिले, आणि आता त्याच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. हे परीक्षण त्या घड्याळाचे आहे, त्यासाठी मागवलेल्या केस (म्हणजे घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच), डायल, काटे आणि मशीनचे आहे, आणि अडल्या ठिकाणी ज्यांची मदत घेतली त्या आमच्या गावातल्या घड्याळजींच्या कामाचेही आहे. असा उद्योग करावा की नाही, करायचा तर पैसा कुठे घालावा आणि कुठे राखावा, आणि समुद्राकाठच्या हवेत अशा घड्याळाचे काय होते, एवढेच प्रश्न येथे घेतले आहेत.

मूळ नमुन्याविषयी थोडे आधी सांगायला हवे, कारण आपण नेमके काय घेतो आहोत हे कळले नाही तर भाग निवडतानाच गाडी रुळावरून घसरते. १९३२ साली चार्ल्स आणि जाँ स्टर्न या बंधूंनी पाटेक फिलिप विकत घेतली. त्यांचा स्वतःचा धंदा डायल बनवण्याचा होता आणि ते याच कंपनीला डायल पुरवत असत. त्याच वर्षी ‘संदर्भ क्रमांक ९६’ हे घड्याळ आले. सुमारे ३१ मिलिमीटर व्यासाची गोल केस, काचेभोवतीची सपाट कड, पट्टा धरणारे लग केसच्या अंगातूनच उतरत गेलेले, तासांच्या जागी उभ्या पट्ट्या, मधोमध धार असलेले दोन उतारांचे काटे आणि सहाच्या जागी सेकंदाची लहानशी तबकडी, इतकाच त्याचा संसार होता. वस्तूचे रूप तिच्या कामातून यावे आणि कामावेगळे तिच्यावर काही नसावे, हा जर्मनीतील बाऊहाउस या कलाशाळेचा विचार त्या काळात सर्वत्र पसरत होता आणि त्याची छाप या घड्याळावर उघड दिसते. २०२१ साली याच मालिकेत ‘६११९’ हे घड्याळ आले. त्याचा व्यास ३९ मिलिमीटर असून जाडी आठ मिलिमीटरच्या जेमतेम वर आहे, आणि आतल्या चावीच्या, म्हणजे रोज हाताने चावी द्यायच्या, मशीनची जाडी तर अवघी २.५५ मिलिमीटर आहे. भारतीय रुपयांत त्याची किंमत पंचवीस लाखांच्या पुढे जाते.

या दोन्ही घड्याळांकडे छायाचित्रांतून बराच काळ पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले. त्यांचा रुबाब सोन्यात नाही आणि नावातही नाही. तो जाडीत आणि डायलवर सोडलेल्या मोकळ्या जागेत आहे. सदऱ्याच्या बाहीखाली अलगद सरकणारे आणि पाहताक्षणी वेळ सांगून गप्प बसणारे घड्याळ म्हणजे ड्रेस घड्याळ. घरी जुळवलेल्या बहुतेक घड्याळांत नेमके हेच निसटते. काटे तसे असतात, तासांच्या पट्ट्या तशा असतात, पण केस बारा मिलिमीटर जाड असते आणि मग सगळी मेहनत वाया जाते. म्हणून माझा सारा हिशेब जाडीपासून सुरू झाला, आणि जाडी ठरवते ते मशीन.

हौशी लोकांमध्ये सर्वांत लोकप्रिय मशीन म्हणजे सेइको समूहाचे एनएच३५. ते स्वस्त आहे, सहज मिळते, त्याच्या मापाचे डायल आणि काटे हवे तितके मिळतात, आणि त्याच्या मजबुतीविषयी दुमत नाही. परंतु त्याची जाडी ५.३२ मिलिमीटर आहे. त्यावर डायल, काट्यांची जागा, काच आणि खाली पाठीचे झाकण धरले की घड्याळ अकरा मिलिमीटरच्या आसपास जाते. पाणबुड्याच्या घड्याळाला ते शोभते, या घड्याळाला नाही. शिवाय त्यात तारखेची चकती असते, त्यामुळे तारीख नसलेल्या डायलखाली ते बसवले तर चावी ओढताना मधली एक पायरी हाताला लागते आणि तिथे काहीच घडत नाही. हे दोष गौण मानणारे बरेच लोक आहेत. मला ते मान्य नाही, कारण घड्याळाशी आपला रोजचा स्पर्श चावीतूनच होतो.

दुसरा पर्याय म्हणजे स्वित्झर्लंडच्या युनिटास ६४९७ आणि ६४९८ या जुन्या खिशातल्या घड्याळांच्या मशीनवरून चीनमध्ये बनवलेले चावीचे मशीन. ते दिसायला सुंदर आहे, शिकायला उत्तम आहे, कारण भाग मोठे आहेत, आणि ६४९८ च्या रचनेत सेकंदाची लहान तबकडी अगदी योग्य जागी, म्हणजे सहाशी येते. अडचण त्याच्या रुंदीची आहे. त्याचा व्यासच ३६.६ मिलिमीटर आहे, म्हणजे केस चाळिशीच्या पुढे गेलीच. नमुन्याच्या सर्वांत जवळ जाणारे मशीन म्हणजे ईटीए ७००१, ज्याला जुने लोक पसो म्हणून ओळखतात. ते चावीचे आहे, त्याची जाडी २.५ मिलिमीटर आहे, आणि लहान सेकंद सहाशीच आहे. ज्यांना ते खात्रीच्या जागी आणि परवडेल अशा किमतीत मिळेल त्यांनी दुसरे काही पाहू नये. मला ते नवे आणि खात्रीचे मिळाले नाही.

शेवटी मी जपानचे मियोटा ९०३९ निवडले. त्याची जाडी ३.९ मिलिमीटर आहे, त्यात तारीख नाही, ते तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला आठ, आणि पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४२ तास चालते. एनएच३५ तासाला २१,६०० ठोक्यांवर चालते, त्यामुळे दोन घड्याळे शेजारी ठेवली तर सेकंदाच्या काट्याच्या चालीतला फरक डोळ्यांना सहज दिसतो. या निवडीसाठी एक गोष्ट सोडावी लागली. मियोटाचा सेकंदकाटा मध्यावर असतो, सहाशी नसतो, आणि त्यामुळे १९३२ च्या नमुन्यातली ती लहान तबकडी माझ्या घड्याळात नाही. हा तोटा खरा आहे. सहाच्या जागी तबकडी असली की डायलच्या खालच्या अर्ध्या भागाला वजन येते, ते माझ्या घड्याळात उणे आहे. परंतु जाडी आणि लहान सेकंद यांपैकी एकच मिळणार असेल तर जाडी राखावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मियोटा हे सिटिझन समूहाचे मशीन आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना वेगळ्या कारणाने जवळची वाटेल. १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला तो सिटिझनच्याच सहकार्याने. कोकणातल्या घराघरांत लग्नात मिळालेली किंवा मुंबईच्या चाकरमान्याने गणपतीला येताना आणलेली जी ‘जनता’ घड्याळे अजून कपाटात सापडतात, त्यांची परंपरा आणि या मशीनची परंपरा एकाच घरातून आलेली आहे. आमच्या घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून हे मशीन पाहिले आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे : “हाताखालून गेलेल्यांतलंच आहे हो हे, फक्त बारीक झालंय.”

आता सुट्या भागांविषयी. केस एका परदेशी विक्रेत्याकडून मागवली. ३७ मिलिमीटर व्यास, ३१६एल पोलाद, वर सपाट सफायर काच. पोलादाचा हा प्रकार आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे पोलादावर जे बारीक खड्डे पडतात त्यांना ते रोखून धरते. स्वस्त केससाठी वापरले जाणारे ३०४ जातीचे पोलाद डोंबिवलीत बरीच वर्षे टिकेल, मिऱ्या बंदरावर तितके टिकणार नाही. काचेच्या बाबतीतही समुद्राकाठच्या माणसाने काटकसर करू नये. वाळूतले क्वार्ट्झचे कण ‘मोह’ या कठीणपणा मोजण्याच्या मापावर सातच्या कठीणपणाचे असतात, साधी मिनरल काच त्याहून मऊ असते आणि सफायर नवाच्या कठीणपणाची असते. भाट्याच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ घालवून आलेला हात रुमालाने पुसला की साध्या काचेवर रेघ उमटते आणि सफायरवर उमटत नाही, इतका हा हिशेब सरळ आहे.

केसची घडण मात्र किमतीच्या मानाने ठीक इतकीच म्हणावी लागेल. वरच्या कडेची चकाकी चांगली आहे, पण लगच्या आतल्या बाजूला, जिथे पट्टा बसतो आणि सहसा कुणी पाहत नाही, तिथे यंत्राच्या पात्याच्या रेघा तशाच राहिल्या आहेत. चकचकीत आणि घासलेल्या पृष्ठभागांच्या मधली धार महागड्या घड्याळात चाकूसारखी स्पष्ट असते, येथे ती गोलावली आहे. विक्रेत्याकडे खिळ्यांच्या डोक्यांसारखी बारीक नक्षी असलेली कड, म्हणजे ६११९ वर आहे तशी, याच भावात मिळत होती. तिची छायाचित्रे मोठी करून पाहिल्यावर प्रत्येक पिरॅमिडचे टोक बोथट दिसले आणि मी तो विचार सोडून दिला. नक्षी चांगली होत नसेल तर साधी सपाट कड घ्यावी. १९३२ च्या घड्याळातही ती सपाटच होती.

डायल हस्तिदंती पांढऱ्या रंगाचे, मंद पोताचे घेतले आणि त्यावर कोणतेही नाव छापलेले नाही. या मुद्द्यावर मला जरा थांबायचे आहे. असे भाग विकणाऱ्यांकडे नामांकित कंपन्यांची नावे आणि बोधचिन्हे छापलेले डायलही मिळतात, आणि ‘घरच्यासाठीच तर आहे’ असे म्हणत ते घेणारे लोक आहेत. गोल केस, उभ्या पट्ट्या, दोन उतारांचे काटे ही घड्याळ बनवणाऱ्या सगळ्यांची सामाईक भाषा आहे आणि ती गेली नव्वद वर्षे शेकडो कारखान्यांनी वापरली आहे. पाटेक फिलिप हे नाव आणि कालात्राव्हा क्रॉस हे बोधचिन्ह मात्र एकाच कंपनीचे आहेत. ते आपल्या डायलवर आले की प्रेरणा संपते आणि बनावट माल सुरू होतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे हा गुन्हाच आहे. शिवाय कोरे डायल दिसायलाही सरस ठरते. बाराच्या खालची जागा रिकामी राहिली की काट्यांना मोकळीक मिळते आणि घड्याळ आहे त्याहून मोठे वाटते.

डायल घेताना एक तांत्रिक गोष्ट पाहावी. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनच्या भोकांत बसून डायल जागेवर धरतात. प्रत्येक मशीनसाठी या पायांची जागा निराळी असते. एनएचसाठीचे डायल मियोटावर बसवायचे झाले तर पाय कापून दुहेरी चिकटपट्टीचे ठिपके लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कोरड्या हवेच्या गावी तो चालत असेल. आमच्याकडे मे महिन्यात बंद गाडीत घड्याळ राहिले तर चिकटद्रव्य मऊ पडते आणि डायल फिरू शकते, म्हणून योग्य पायांचेच डायल मिळेपर्यंत थांबावे.

काट्यांचेही तसेच. एनएचच्या मिनिटकाट्याचे भोक ०.९ मिलिमीटर असते आणि मियोटाचे १ मिलिमीटर, त्यामुळे एकाचे काटे दुसऱ्याला लागत नाहीत. काट्यांच्या पहिल्या जोडीत मिनिटकाटा आखूड निघाला. त्याचे टोक मिनिटांच्या पट्टीला पोहोचतच नव्हते. विक्रेत्याच्या पानावर लांबी दिलेली होती आणि प्रत्यक्ष माल तिच्याशी जुळत नव्हता. तक्रार केल्यावर दुसरी जोडी आली, पण तोवर महिना उलटला. ड्रेस घड्याळात काट्याची लांबी ही सौंदर्याची आणि अचूकपणाची एकत्र कसोटी आहे. तासकाटा तासाच्या पट्टीच्या आतल्या टोकाला जेमतेम शिवावा आणि मिनिटकाटा मिनिटाच्या रेघेवर टेकावा. कालात्राव्हात हे इतके काटेकोर असते की वेळ वाचताना डोळ्यांना अंदाज करावा लागत नाही. बदलून आलेले काटे या कसोटीला उतरले आणि सगळ्या भागांत मला तेच सर्वाधिक आवडले. मधल्या धारेच्या एका बाजूचा उतार उजळ आणि दुसरा काळा दिसतो, मनगट किंचित वळवले की बाजू बदलतात, आणि पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दुपारी खिडकीतून येणाऱ्या थोड्याशा उजेडातही काटा पांढऱ्या डायलवर ठळक उठून दिसतो.

जुळणीचा काळ निवडणे हा कोकणातल्या माणसासाठी सर्वांत मोठा निर्णय आहे आणि त्याविषयी परदेशी मार्गदर्शनात एक अक्षर सापडत नाही. घड्याळाचे झाकण ज्या क्षणी बंद होते त्या क्षणीची हवा आत कायमची कोंडली जाते. जुलैत तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्या हवेतले बाष्प सुमारे २७ अंशांवरच दवात बदलते. असे घड्याळ घालून आपण २४ अंशांच्या वातानुकूलित बँकेत शिरलो की काचेच्या आतल्या बाजूला धुके धरते, आणि घड्याळात पाणी गेल्याची शंका येते. पाणी गेलेले नसते, आपणच आत ठेवलेले असते. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी हीच मर्यादा १८ अंशांच्या आसपास खाली येते आणि घड्याळ सुरक्षित राहते. मी जुळणी जानेवारीत केली आणि तरीही मशीन, केस आणि डायल आदल्या रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले होते.

कोरड्या दिवसांची अडचण उलट्या बाजूने येते. जांभ्याची तांबडी धूळ तेव्हा घरभर असते आणि पांढऱ्या डायलवर तिचा एक कण भिंगाखाली ढेकळाएवढा दिसतो. म्हणून पहाटेची वेळ घेतली, आदल्या दिवशी ओल्या फडक्याने टेबल आणि खिडक्यांच्या चौकटी पुसल्या, पंखा बंद ठेवला. बोटांना रबराची टोपणे, हवा मारण्याचा फुगा, आणि कण उचलणारी चिकट माती एवढे जवळ असावे. ही माती परदेशी घड्याळजी रोडिको नावाने वापरतात, आणि धुळीच्या बाबतीत तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

काटे बसवणे हे साऱ्या कामातले सर्वांत नाजूक काम. चावी ओढून मशीन थांबवायचे, तासकाटा बाराच्या पट्टीवर अचूक धरून वरून सरळ दाब द्यायचा, मग मिनिटकाटा त्याच रेषेत, आणि शेवटी सेकंदकाटा. सेकंदकाट्याचे भोक पाव मिलिमीटरहूनही लहान असते. त्याची नळी आसावर येऊन बसते ती दिसत नाही, फक्त बोटाखालच्या दांडीला सूक्ष्म ‘टक्’ जाणवते आणि काटा डुलायचा थांबतो. दाब तिरपा पडला तर आस वाकतो आणि मशीन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तिन्ही काटे बसल्यावर डोळा डायलच्या पातळीत आणून पाहावे : तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्यामध्ये उजेडाची रेघ हवी, मिनिट आणि सेकंद यांच्यामध्येही हवी, आणि सेकंदकाटा व काच यांच्यामध्ये हवीच हवी. मग चावीने बारा तास हळूहळू फिरवत प्रत्येक ठिकाणी ही रेघ तपासावी. सपाट काचेच्या बारीक केसमध्ये जागा इतकी बेताची असते की हे पाऊल गाळता येत नाही.

चावीचा दांडा कापण्याचे काम मी घड्याळजींकडे दिले. मशीनबरोबर येणारा दांडा मुद्दाम लांब असतो आणि केसच्या मापाने तो कापावा लागतो. जास्त कापला तर फेकून द्यायचा, कमी कापला तर चावी केसपासून फटीवर उभी राहते आणि नेमक्या त्या फटीतून आमची दमट हवा आत जाते. राम आळीच्या बाजूला त्यांचे छोटेसे दुकान आहे, एक टेबल, एक दिवा आणि काचेखाली ठेवलेली घड्याळे. त्यांनी दांडा आधी थोडा लांब कापला, बसवून पाहिला, बारीक कानशीने घासला, पुन्हा बसवला, आणि असे करत चावी केसला जिथे टेकली तिथे थांबले. चावीच्या नळीतल्या रबरी रिंगेला आणि पाठीच्या रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. रिंगा दर पावसाळ्यापूर्वी पाहून घ्या असे बजावले. एवढ्या कामाचे त्यांनी जे पैसे मागितले ते मुंबईच्या मानाने फारच थोडे होते आणि मला ते कमी वाटले. त्यांच्या कामाचे परीक्षण एका वाक्यात करायचे तर, घरी घड्याळ जुळवणाऱ्याने हत्यारांच्या संचावर उधळण्याआधी गावातल्या अशा माणसाशी ओळख करून घ्यावी.

दाबाची चाचणी करण्याचे यंत्र त्यांच्याकडे नाही, म्हणून आम्ही जुनी रीत वापरली. घड्याळ दिव्याखाली कोमट होऊ दिले आणि काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवला. थेंब पुसल्यावर त्याखाली आतून धुके दिसले तर हवा दमट आहे असे समजायचे. काच स्वच्छ राहिली.

चालीविषयी समाधान आहे. मियोटा या मशीनसाठी दिवसाला उणे १० ते अधिक ३० सेकंदांची मर्यादा सांगते. माझे मशीन आले तेव्हा दिवसाला पंधराएक सेकंद पुढे पळत होते. घड्याळजींनी नियंत्रक किंचित सरकवल्यावर ते चार-पाच सेकंदांवर आले आणि तिथेच राहिले आहे. वेळ मी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरील भारतीय प्रमाणवेळेशी जुळवतो. रात्री घड्याळ काच वर करून ठेवले की ते थोडे पुढे जाते आणि चावी खाली करून उभे ठेवले की मागे येते, त्यामुळे ठेवण्याच्या पद्धतीनेच आठवड्याचा फरक बराचसा भरून निघतो. मशीनचा एक दोष सांगितलाच पाहिजे. त्याचा रोटर, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरून आपोआप चावी भरणारे वजन, एकाच दिशेने चावी भरतो आणि दुसऱ्या दिशेने मोकळा फिरतो. मोकळा फिरताना मनगटाला हलकी घरघर जाणवते आणि शांत खोलीत ऐकूही येते. ड्रेस घड्याळाच्या गंभीर स्वभावाला ते साजेसे नाही. केसच्या पाठीला काच न घेता पोलादी झाकण घेतले तर आवाज कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

काचेपासून पाठीपर्यंतची जाडी व्हर्नियरवर ८.८ मिलिमीटर भरली. हा आकडा माझ्या दृष्टीने या घड्याळाचे सर्वांत मोठे यश आहे. बाही त्यावरून अडखळत नाही, आणि लग मनगटाकडे पुरेसे वळलेले असल्यामुळे ते हाडावर डुगडुगत नाही.

पावसाळ्यात खरा त्रास झाला तो घड्याळाबाहेर. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि या चार महिन्यांत चामड्याच्या पट्ट्याचे काही खरे नाही. काळा वासराच्या चामड्याचा पट्टा जूनअखेरीस पांढऱ्या बुरशीने भरला. पुसून, उन्हाची तिरीप मिळाली तेव्हा वाळवून तो वाचला, पण आतला अस्तराचा भाग काळवंडला आणि वास गेला नाही. त्याहून गंभीर गोष्ट पट्टा काढल्यावर दिसली. केसबरोबर आलेल्या स्प्रिंगच्या पिना दोन्ही टोकांना तांबूस झाल्या होत्या, आणि एक पीन दाबली तर परत बाहेर येत नव्हती. केस ३१६एल होती, पिना तशा नव्हत्या. घड्याळ हातातून पडते ते बहुतेक वेळा पिनेमुळे, म्हणून दर्जेदार पिना वेगळ्या विकत घ्याव्यात आणि त्या वर्षाला बदलाव्यात. चातुर्मासासाठी मी कापडासारख्या पोताचा काळा रबरी पट्टा लावला आहे. लग्नसमारंभात तो उणा वाटतो हे खरे, पण श्रावणातल्या सत्यनारायणाला चालून जातो. स्वतः घड्याळाच्या आत मात्र चार महिन्यांत ओलाव्याचा मागमूस दिसला नाही. केसची जलरोधकता ३ एटीएमची, म्हणजे तीन वातावरणदाबांची, असल्याचे विक्रेता सांगतो. याचा अर्थ हात धुताना आणि पावसाच्या शिंतोड्यांत काळजी नको, समुद्रात मात्र उतरू नये.

खर्चाचा हिशेब असा. मशीनला सुमारे दहा हजार, केसला सात हजारांच्या आसपास, डायल आणि काट्यांना मिळून चार, आणि हत्यारांना चार-पाच हजार लागले. कुरियर आणि सीमाशुल्क त्यावर. याच पैशांत नामांकित कंपनीचे तयार यांत्रिक घड्याळ हमीसह मिळते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना केवळ पातळ घड्याळ हवे आहे त्यांनी टायटनचे एज घ्यावे. २००२ साली आलेल्या त्या घड्याळात सेलवर चालणारे १.१५ मिलिमीटरचे मशीन आणि सबंध जाडी ३.५ मिलिमीटर होती, आणि कुठलेही घरगुती काम त्याच्या जवळपास जाणार नाही. ज्यांना चावीचे, साधे आणि आपल्या मातीतले हवे आहे त्यांनी घरातले जुने ‘जनता’ शोधून तेलपाणी करून घ्यावे. ऑनलाइन मिळणाऱ्या जुन्या एचएमटींत नव्याने रंगवलेली डायल बरीच असतात, तेवढे मात्र पारखून घ्यावे. घरी जुळवण्याचा खटाटोप त्याच माणसाने करावा ज्याला १९३२ च्या त्या आकाराची ओढ आहे, ज्याला प्रत्येक मिलिमीटर कुठून आला हे स्वतःच्या हातांनी समजून घ्यायचे आहे, आणि जो काट्यांच्या एका जोडीसाठी महिनाभर थांबू शकतो. अशा माणसाला मी हा मार्ग निःशंकपणे सुचवीन.

भाग मागवायचे असतील तर गणपती झाल्याबरोबर मागवावेत. मशीन, केस आणि काटे तीन निरनिराळ्या ठिकाणांहून येतात, एखादा भाग चुकीचा निघून बदलावा लागतो, आणि दिवाळीत कुरियर रेंगाळते. तेवढे धरूनही सगळे डिसेंबरच्या कोरड्या हवेपर्यंत हाताशी राहते. त्याच मागणीत पाठीच्या आणि चावीच्या रबरी रिंगांचे दोन जास्तीचे संच, एक जास्तीचा दांडा आणि चांगल्या पिनांची जोडी घालावी, कारण पुढच्या पावसाळ्याआधी त्यांतले काही ना काही लागतेच.